फुगडीचा शेवटचा ‘फू’ आणि तीन दिवसांची वही

गेल्या अंकात या पानाच्या शेवटी मी एकच ओळ टाकली होती : ‘लघवीवर ताबा राहत नसेल तर संकोच न करता लिहा.’ अकरा पत्रं आली. नऊंवर सही नाही. एकीने तर पाकिटावरचं स्वतःचं गावसुद्धा काळ्या पेनाने गिरबटून टाकलंय. पोस्टाचा शिक्का मात्र स्वच्छ उमटलाय. बाई, घाबरू नका, सांगणार नाही.

अकरांपैकी सात जणींचा शेवटचा प्रश्न एकच : ‘यावर गोळी कोणती?’ गोळीचं नाव या पानावर मिळायचं नाही, कारण कपडे ओले होणं हा काही एकच आजार नव्हे. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की कौलं बघायला माणूस येतो. तो शिडी लावण्याआधी विचारतो, ‘गळतं कधी? सर आली की, का पाऊस थांबल्यावरही ठिबकतं?’ जिथे खाली बालदी ठेवलीय, तिथेच वर कौल फुटलेलं असतं असं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माझाही पहिला प्रश्न तोच. कधी गळतं?

---

प्रश्न : वय ४६. आमचं फुगडीचं पथक आहे, चवथीच्या दिवसांत स्पर्धांनाही जातो. दोन वर्षं झाली, फुगडी रंगात आली आणि उडी घेतली की थोडी लघवी सुटते. शेवटच्या ‘फू’ला तर हमखास. खोकताना आणि पाण्याची कळशी उचलतानाही होतं. बसल्या जागी किंवा झोपेत कधीच नाही. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, थोरला ३ किलो ८०० ग्रॅमचा होता. मोठी जाऊ म्हणते, पिशवी काढून टाक म्हणजे सुटशील. यंदा दोन वेळा पॅड लावून नाचले. कोणत्या तपासण्या कराव्या लागतील? — फोंडा तालुका

उत्तर : जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि पिशवी आहे तिथेच राहू द्या. गर्भाची पिशवी आणि लघवीची पिशवी या शेजारणी आहेत. एकीला घराबाहेर काढलं म्हणून दुसरीचं दार नीट लागायला लागत नाही.

तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. उडी, खोकला, कळशी, ‘फू’ : या चारही वेळी पोटातला दाब एकदम वाढतो. लघवीच्या पिशवीखाली स्नायूंची झोळी असते आणि बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटिमीटरची. बाळंतपणात ती झोळी ताणली जाते, वयाबरोबर आणखी सैलावते. मग दाब आला की दार किलकिलं होतं, थोडी लघवी बाहेर पडते, दाब गेला की थांबते. त्या आधी ‘लागली’ असं वाटतही नाही. ही दाबाची गळती. बसल्या जागी आणि झोपेत होत नाही, हे तुम्ही आपणहून लिहिलंत ते फार बरं केलंत. निम्म्या डॉक्टरांना ते विचारायचं सुचत नाही.

आता तपासणी. डॉक्टरकडे जाताना बहुतेक बायका एक चूक करतात : आत बोलावण्याआधी घाईघाईने लघवीला जाऊन येतात, तपासताना लाज नको म्हणून. मग मी ‘खोका’ म्हटलं की काहीच दिसत नाही, आणि बाई घरी जाऊन सांगते, ‘डॉक्टरला काय सापडलं नाही.’ रिकाम्या हंड्यातून काय गळणार? तेव्हा तास-दीड तास आधीपासून जाऊ नका, आणि आत गेल्यावर तसं सांगा. आधी निजवून खोकायला सांगतील. त्यात दिसलं नाही तर उभं करून, पाय थोडे फाकवून, खाली कागद किंवा फडकं ठेवून पुन्हा. डॉक्टर बघतात ते गळतं की नाही एवढंच नव्हे, *कोणत्या क्षणी* गळतं तेही. खोकल्याच्या ठसक्याबरोबर चिळकांडी आली आणि लगेच थांबली, तर दाबाची गळती. खोकून पाच-दहा सेकंद झाली, आणि मग धार सुरू होऊन वाहतच राहिली, तर प्रकरण वेगळं : खोकल्याने पिशवीच चाळवली गेली आणि ती आपली आपण आवळली. दोन्हींचे उपचार निराळे. या काही सेकंदांच्या फरकासाठी मला कोणतंही यंत्र लागलेलं नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरलं.

त्यानंतर आतून तपासणी. अंग खाली उतरलंय का ते बघायचं. (अंग बरंच उतरलेलं असेल तर मूत्रनळी मुडपली जाते आणि गळती लपून राहते, अशा वेळी ते हलकेच वर सारून पुन्हा खोकायला लावतात.) एक बोट आत ठेवून ‘वायू अडवून धरा’ असं सांगतील आणि झोळीची पकड बघतील. पुष्कळ बायका आवळायच्या ऐवजी कुंथतात, म्हणजे नेमकं उलटं. ते बोटालाच कळतं. लघवीची साधी तपासणी, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते ते बघणं. झालं. एवढ्यासाठी एमआरआय नको, दुर्बीण घालून पिशवी आतून बघणं नको. ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल तर तिची पट्टी बरोबर न्या : प्राझोसिनने मूत्रनळीचं दार ढिलं पडू शकतं, आणि एनालाप्रिल-रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, मग खोकल्यापायी गळती.

निदान पक्कं झालं की पहिला उपचार व्यायामाचाच. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला आणि अजून त्याला तोड नाही. एका वेळी आठ आवळण्या, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, आणि पहिल्यांदा कोणाच्या तरी देखरेखीखाली. लघवी करता करता धार तोडून व्यायाम करायचा नाही. तुमच्यासाठी एक खास : ‘फू’ म्हणायच्या अर्धा क्षण आधी खालून आवळा. तालात बसवायला पंधरा दिवस लागतील, पण तुम्ही फुगडीवाल्या, तुम्हाला ताल मी काय शिकवणार.

आणि पॅड लावून नाचलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १९८८ साली, धाकट्याच्या वेळचे टाके सुकून सहा महिने झाले होते, तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये तोंडावर मास्क बांधून मी शिंकले आणि जागच्या जागी थिजले. हातात चिमटा, समोर पेशंट. त्यानंतर तीन वर्षं कपाटात दोन परकर जास्तीचे. शेवटी वॉर्डच्या वयस्कर सिस्टरने एकदा सहज विचारलं, ‘डॉक्टर, हे दोन परकर कोणाचे गे?’ मी स्त्रीरोगतज्ज्ञ. रोज दहा बायकांना ‘लाजू नका’ म्हणायची. मी म्हटलं, बहिणीचे.

---

प्रश्न : मी ३८ वर्षांची, वाळपईहून रोज बसने पणजीला नोकरीला येते. खोकताना काही नाही, पण लागली की थांबवतच नाही. घराच्या कुलपात किल्ली घालते आणि तिथेच ओली होते. दिवसातून दहा-बारा वेळा जाते. बसमध्ये भीती, म्हणून सकाळपासून दुपारी बारापर्यंत पाणीच पीत नाही. तरी कमी नाही. सगळ्या तपासण्या करून घेऊ का? — सत्तरी

उत्तर : सगळ्या नकोत. आधी एक वही घ्या, ४० पानी पुरे, आणि मिलीच्या रेघा असलेलं प्लास्टिकचं अर्ध्या लिटरचं माप. माप स्वयंपाकघरातलं नको, नवं आणा, आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधून न्हाणीत ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी त्यात ताक घुसळेल. (हसू नका, हे झालेलं आहे.)

तीन दिवस लिहायचं. दोन सुट्टीचे, एक कामाचा. काय प्यायलात, किती आणि केव्हा. केव्हा गेलात, माप किती भरलं. घाई होती का. ओली झालात का, आणि त्या वेळी काय करत होतात. कामाच्या दिवशी माप बरोबर नेणं जमलं नाही तर नुसती वेळ लिहा.

तुमच्यासारखीच रोज बसने जाणारी एक पेशंट होती. तिच्या वहीचं एक पान तिच्या परवानगीने देते :

पहाटे ५.५० — ४२० मिली.
६.१५ — चहा, मोठा कप.
६.४० — ११० मिली. बसला निघण्याआधी. *लागली नव्हती.*
७.५५ — ९० मिली. बसमधून उतरल्या उतरल्या. घाई. थोडी ओली.
८.३० — चहा.
९.२५ — ८० मिली. मीटिंग होती म्हणून. *लागली नव्हती.*
१०.४० — १०० मिली. नळाचा आवाज ऐकला. घाई.

हे पान घेऊन ती आली तेव्हा तिच्या हातात एक चिठ्ठीही होती, दुर्बिणीच्या तपासणीची. मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ४२०! ज्या पिशवीत रात्रभरात ४२० मिली निमूटपणे मावतं, ती लहान नाही, आखडलेली नाही. मोठ्या माणसाच्या पिशवीत ४०० ते ५०० मावतं आणि पहिली चाहूल दीड-दोनशेला लागते. मग दिवसा ती ९० मिलीलाच बोंब का मारते? कारण ‘असू दे, जाऊन येते’ असं करत करत बाईनेच तिला ती सवय लावलेली. पिशवीचं पोरासारखं आहे. दर वेळी रडायच्या आधी बाटली तोंडात दिली तर ती वाट बघायला शिकणार कधी?

तुमचंही तेच असेल असं मी पत्रावरून ठामपणे म्हणणार नाही. पण खोकल्याला काही नाही, घाई अनावर, आणि घराचं दार दिसलं की सुटणं, हे वर्णन घाईच्या गळतीचं आहे. वहीत सकाळची मापंही ८०-१०० च भरली, तर मात्र मला वेगळी शंका येईल आणि मी पुढे शोधायला लागेन.

वहीच्या जोडीला तीन गोष्टी. लघवीची तपासणी, म्हणजे इन्फेक्शन सापडेल. रक्तातली साखर, मधुमेहाची पहिली खूण कधी कधी हीच असते. आणि लघवी झाल्यावर उरलेल्या लघवीची सोनोग्राफी. लघवीत रक्त दिसत असेल तर, आणि तेव्हाच, दुर्बीण. पायांत अशक्तपणा, किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा अशी तक्रार जोडीला आली, तर मात्र वही राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पाणी तोडलंत ते चुकलं. घट्ट लघवी पिशवीला झोंबते, घाई वाढते, शिवाय शौचाला खडा होतो आणि तो मागून पिशवीवर रेलतो. दिवसाचं दीड-दोन लिटर थोडंथोडं प्या. तोडायचाच असेल तर चहा तोडा. वाळपईहून निघताना पोटात चहा असेल आणि वाटेत लांबचा बसप्रवास, तर पिशवीला दोष देणं मला पटत नाही. मग सवय मोडायची : घाई आली की धावायचं नाही, जागीच उभं राहायचं, पाच-सहा वेळा खालून आवळायचं, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. निदान सहा आठवडे. त्याने भागलं नाही तर गोळ्या आहेत, पण त्या वही बघून.

---

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेह वीस वर्षांचा. दिवसरात्र थोडीथोडी गळत असते, कळतही नाही म्हणतात. लघवीला बसल्या तर धार बारीक, वेळ लागतो. गेल्या वर्षभरात चार वेळा इन्फेक्शन झालं. एका ठिकाणी ‘लघवी रोखायची’ गोळी दिली, तिने जास्तच झालं. त्या आता देवघरात पाऊलही टाकत नाहीत, उंबऱ्याबाहेर बसून हात जोडतात. मला ते बघवत नाही. — म्हापसा

उत्तर : तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण असाच एक पेशंट मी वाया घालवला होता. वाया म्हणजे जिवानिशी नव्हे; सात महिने. लघवीत पू दिसला की अँटिबायोटिक, पुन्हा दिसला की दुसरं, मग तिसरं. बाईचं पोट बेंबीखाली घट्ट लागत होतं आणि मी ते ‘वयाचं पोट’ समजले. शेवटी नळी घातली तेव्हा ९०० मिली निघालं. पिंप काठोकाठ भरून वरून सांडत होतं आणि मी तोटीला दोष देत होते.

सासूबाईंच्या बाबतीत तीच शंका पहिली. जुन्या मधुमेहात पिशवीच्या नसा मंदावतात. भरल्याचं कळत नाही, आवळून पूर्ण रिकामी करता येत नाही. साचलेलं पाणी नासतं, म्हणून इन्फेक्शन पुन्हा पुन्हा. आणि जी पिशवी आधीच आवळत नाही तिला आणखी ढिली पाडणारी गोळी दिली तर लघवी तुंबणारच. म्हणूनच मी गोळीचं नाव छापत नाही.

इथे एकच तपासणी निर्णायक : लघवी करून आल्यावर आत किती उरते. ५० मिलीपर्यंत उरलं तर ठीक. २०० च्या वर गेलं तर डॉक्टरांनी खुर्चीत सरसावून बसायला हवं. पण यात एक मेख आहे, ती नीट ऐका. सोनोग्राफीला ‘पाणी पिऊन या’ म्हणतात. सासूबाई सकाळी लिटरभर पाणी पिऊन बाकड्यावर दोन तास बसणार. तोवर पिशवी फुटायला आलेली. मग फोटो, मग परक्या ठिकाणचा ओला संडास, दाराबाहेर माणसं, आणि तिथून घाईने परत. अशा वेळी चांगल्या तरुण पोरीच्या पिशवीतही दीडशे उरतं! उलट काही ठिकाणी भरल्या पिशवीचा फोटो काढतात आणि दुसऱ्या फोटोआधीच ‘झालं, जा’ म्हणतात. तेव्हा तुम्ही बरोबर जा. नेहमीइतकंच लागलं की सांगा, त्यांना निवांत बसू द्या, आणि दहा मिनिटांच्या आत दुसरा फोटो काढून घ्या. रिपोर्टवर ‘लघवीनंतर उरलेली’ असा आकडा आहे ना, ते तिथेच बघा. नसेल तर काउंटरवरून हलू नका. आकडा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या.

जोडीला किडनीची रक्ततपासणी, तीन महिन्यांची साखर, लघवीचं कल्चर. आणि औषधांची पिशवी पूर्ण उपडी करा. पायांची आग होते म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन देतात, तिने लघवी तुंबते. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनीही तुंबते. साखरेच्या नव्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतील तर त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, लघवी वाढते, खाली खाजही सुटते. मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांपुढे ठेवा. शौचाला कधी झाली तेही विचारा. आठवड्याचा खडा अडकलेला असला तर तो काढल्यावरच निम्मं काम होतं.

देवघराचं. सोवळ्याओवळ्यावर मी कोणाशी वाद घालत नाही, माझ्या आईशीही घातला नव्हता. पण चंदन उगाळायला, फुलांचे हार करायला उंबरा ओलांडावा लागत नाही. ती कामं त्यांच्याकडे ठेवा. तेवढ्यात तपासण्या होतील.

---

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. दहाव्या दिवसापासून खालून पाणी सतत येतं, दिवसा आणि रात्रीही. उठण्या-बसण्याशी संबंध नाही. ऑपरेशन जिथं झालं तिथं म्हणतात, अशक्तपणा आहे, होईल कमी. वाट पाहू का? — वय ४१, डिचोली

उत्तर : नाही. हे पत्र वाचल्यावर मी संपादिकेला फोन करून अंक निघायच्या आधीच तुम्हाला निरोप पाठवायला सांगितलं, पण तुम्ही पत्ता दिला नव्हता. अशक्तपणाने लघवी सतत झिरपत नाही. ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांनी असं सुरू झालं तर लघवीची पिशवी आणि योनी यांच्यामध्ये किंवा मूत्रवाहिनीला (किडनीकडून पिशवीत येणाऱ्या नळीला) भोक पडलंय का, हे आधी बघायचं. तपासणी सोपी आहे. योनीत कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवतात, नळीने लघवीच्या पिशवीत निळं पाणी भरतात आणि तुम्हाला थोडं चालवतात. वरचा किंवा मधला बोळा निळा झाला तर भोक पिशवीचं. बोळा भिजला पण निळा झाला नाही, तर वरून किडनीकडून येणाऱ्या नळीचं. आणि फक्त खालचाच निळा झाला तर मूत्रनळीतून गळतंय. पुढे सीटी आणि दुर्बीण लागेल. ऑपरेशनचे सगळे कागद घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) युरोलॉजीला, म्हणजे मूत्ररोग विभागात, जा. या आठवड्यात. हे दुरुस्त होतं.

---

प्रश्न : मला खोकल्यालाही सुटते आणि घाईनेही. वय ५२. चार वर्षांपूर्वी टेप (मूत्रनळीला खालून आधार देणारी पट्टी) बसवण्याचं ऑपरेशन झालं होतं, वर्षभर बरं होतं. आता डॉक्टर युरोडायनॅमिक (पिशवीतला दाब मोजायची) तपासणी करा म्हणतात. मैत्रीण म्हणते फार भयंकर असते. करू का? — मडगाव

उत्तर : तुमच्या बाबतीत, हो. सरसकट प्रत्येकीला मी नाही म्हणते. २०१२ मध्ये अमेरिकेत ६३० बायकांवर झालेला एक अभ्यास आहे. ज्यांना फक्त साधी दाबाची गळती होती, त्यांच्यात ऑपरेशनआधी ही तपासणी केली काय आणि नुसतं नीट विचारून-तपासून पुढे गेलं काय, वर्षानंतरचा निकाल सारखाच निघाला. पण त्या बायकांचं आधी ऑपरेशन झालेलं नव्हतं. तुमचं झालंय, आणि दोन्ही प्रकार एकत्र आहेत. टेप सैल पडलीय, की तिने वाट अडवलीय म्हणून पिशवी चिडलीय, हे अंदाजाने ठरवू नये.

भयंकर नसते, अवघड वाटते. आधी फनेल बसवलेल्या खुर्चीवर लघवी करायची, खालचं यंत्र धारेचा आलेख काढतं. मग शाईच्या रिफिलपेक्षा बारीक नळी लघवीच्या वाटेने, दुसरी शौचाच्या वाटेने. पिशवीत हळूहळू पाणी सोडतात. पहिल्यांदा लागलं कधी, अनावर झालं कधी, ते तुम्ही सांगायचं, मध्ये मध्ये खोकायचं. अर्धा ते पाऊण तास. नंतर दिवसभर थोडी जळजळ, पाणी प्या. ताप आला तर कळवा. आदल्या दिवशी लघवीत इन्फेक्शन नाही ना, ते बघून घ्या, नाहीतर सगळा आलेख खोटा. मैत्रिणीला भयंकर वाटलं ते बहुधा खोलीत माणसं जास्त होती म्हणून. ‘गरजेपुरतीच माणसं असू द्या’ असं आधी सांगायचा तुम्हाला अधिकार आहे.

पाळी जाऊन कोरडेपणा आला असेल तर तेही सांगा, त्यावर आतून लावायचं मलम असतं आणि घाई त्याने थोडी कमी होते.

---

प्रश्न : बाईसाहेब, मी पुरुष आहे, लिहू की नको असा विचार करत होतो. पत्नी ६६ वर्षांची. दिवसा काही त्रास नाही. रात्री चार वेळा उठते, कधी वाटेतच होते. गेल्या महिन्यात अंधारात घसरून पडली, थोडक्यात वाचली. पाय संध्याकाळी सुजतात, घोरतेही. झोपायच्या आधी पाणी बंद केलं, फरक नाही. — पेडणे

उत्तर : लिहिलंत ते छान केलंत. अकरा पत्रांत पुरुषाचं एकच.

पिशवी निर्दोष असण्याचा संभव मोठा आहे. वही इथेही, पण रात्रीचं माप महत्त्वाचं. समजा रात्री ३००, २८०, २५० आणि उठल्यावर ३२०, म्हणजे ११५० मिली. आणि दिवसभरात ७०० च. दिवसरात्रीच्या एकूण लघवीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रात्री होत असेल तर लघवी रात्रीच जास्त *तयार* होतेय. दिवसा पायांत उतरलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि किडनी ते गाळत बसते. तेव्हा हृदयाची तपासणी करून घ्या. सूज उतरवायची गोळी संध्याकाळी घेत असतील तर ती वेळ बदलता येते का ते विचारा. घोरताना श्वास अडकतो का ते तुम्ही जागं राहून बघा, त्यानेही रात्रीची लघवी वाढते. रात्रीच्या पेजेबरोबर सुकी मासळी आणि लोणचं असेल तर दोन आठवडे बंद. दर वेळी माप ७०-८० च भरलं, तर माझं म्हणणं चूक, मग वर वाळपईच्या बाईंना लिहिलंय ते वाचा.

खाटेपासून न्हाणीपर्यंत आजच दिवा लावा, पायपुसणी काढून टाका. आणि दुपारी चारच्या सुमाराला त्यांना पाय उशीवर घेऊन तास-दीड तास पडू द्या. त्या म्हणतील, चहा कोण करणार. तो तुम्ही करा, अर्धा कप.